डुप्लिकेट क्रँक सेन्सर, सात महिन्यांनंतर: सेन्सर टिकला, वायरनं दगा दिला

बेळगावजवळचा वंटमुरी घाट चढताना गाडी पुन्हा बंद पडली, म्हणून हे लिहितोय. गाडी २००६ ची पेट्रोल हॅचबॅक, एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हुकमानं इंजेक्टरमधून पेट्रोल फवारणारी). गरम झाल्यावर ती अचानक बंद पडायची, म्हणून सात महिन्यांपूर्वी क्रँक सेन्सर (इंजिनाचा मुख्य दांडा फिरतोय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा) बदलला. डुप्लिकेट ४५० रुपयांचा. ओरिजिनलचे १,९०० सांगत होते. १,४५० रुपयांचा फरक जुन्या गाडीत घालायचा की नाही, हा प्रश्न प्रत्येकालाच पडतो.

ज्यांची गाडी गरम झाल्यावर बंद पडते, त्यांनी सेन्सर घ्यायच्या आधी ती कशी बंद पडते ते बघावं. आचके देत, पिकअप तुटत मेली तर दोष पेट्रोलच्या बाजूला. टाकीचं झाकण उघडताच जोरात हवा आत ओढली गेली तर व्हेंट (टाकीत हवा जाण्याची वाट) चोंदलाय. टाकी पावाच्या खाली असतानाच त्रास होत असेल तर पंप बघा. तो टाकीतल्या पेट्रोलनंच थंड राहतो. बेळगावच्या दुसऱ्या रेल्वे गेटला स्लोवर उभी असताना बंद पडते आणि लगेच चालू होते? थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह (इंजिनात हवा सोडणारे भाग) साफ करून घ्या, पंप बदलू नका.

पण चावी काढल्यासारखी एका क्षणात मेली, गाडी गिअरमध्ये पळत असतानाच आरपीएमचा काटा शून्यावर आला आणि वीस-तीस मिनिटांनी आपोआप चालू झाली, तर पहिला संशय क्रँक सेन्सरवर. बहुतेक गाड्यांत सेल्फ मारताना हा काटा थोडा वर उचलतो. तो जागचा हलत नसेल तर ईसीयूला (गाडीच्या कॉम्प्युटरला) सिग्नलच नाही, म्हणून स्पार्कही नाही आणि इंजेक्टरही उघडत नाही. ओला फडका सेन्सरवर दोन मिनिटं धरा (गरम सायलेन्सर पाईपपासून हात जपून). लगेच चालू झाली तर दोष तिथेच. दोनशे-तीनशेच्या ब्लूटूथ स्कॅनरवर पैसे घालू नका. आपल्याकडे ओबीडीची (गाडीनं स्वतःचे दोष स्कॅनरला सांगायच्या यंत्रणेची) सक्ती २०१० पासूनची, त्याआधीच्या कित्येक गाड्या त्याच्याशी बोलतच नाहीत.

पहिले पाच महिने मी हा डुप्लिकेट सगळ्यांना बिनधास्त सांगत होतो. पावसात चोर्ला घाटातही एकदा कुरकुर नाही. मार्चपासून तोच जुना आजार सुरू झाला, तेव्हा ४५० रुपये पाण्यात गेले असं वाटलं.

ते मत आता बदललंय. सेन्सर काढून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवला. मल्टिमीटरवर रोध (विजेला होणारा अडथळा) गार असताना ८७० ओहम, गरम असताना हजाराच्या आसपास. तांब्याचा रोध उष्णतेनं तेवढा वाढतोच, म्हणजे आतली कॉइल ठणठणीत. मग मीटर लावूनच वायर बोटांनी वाकवत गेलो. सेन्सरपासून तीन इंचांवर आकडा एकदम ४ ओहमवर कोसळला! तिथं वरचं आवरण पापडासारखं कडक होऊन तडकलं होतं आणि आतल्या दोन तारा एकमेकींना टेकत होत्या. कारण साधं आहे: या डुप्लिकेटची वायर ओरिजिनलपेक्षा जवळपास दोन इंच आखूड आहे आणि तिच्यावर उष्णतारोधक स्लीव्हच (वायरीवर चढवायची नळी) नाही. त्यामुळे ती मूळ क्लिपमध्ये बसत नाही, ताणून सरळ एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातून जळका धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या पाईपला) चिकटते. सेन्सर चांगला बनवून वायरीत वीस रुपये वाचवणं मला अजिबात पटलेलं नाही. घाटात बंद पडलेल्या गाडीत मुलंबाळं असतात.

हे ओहमचं माप फक्त दोन तारांच्या, कॉइलच्या सेन्सरला लागू. तीन तारांचा हॉल सेन्सर (कॉइलऐवजी इलेक्ट्रॉनिक चिपवर चालणारा) असेल तर असं मोजू नका. त्याला सप्लाय, अर्थ आणि सिग्नल वेगवेगळे तपासावे लागतात.

तडकलेला भाग कापून दोन इंच वायर जोडली, दोन्ही सांधे सोल्डर करून एकमेकांपासून इंचभर मागेपुढे ठेवले, हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवली, वर फायबरग्लास स्लीव्ह. बेळगावच्या उद्यमबागेत मोटर वाइंडिंगच्या दुकानात ती स्लीव्ह मीटरच्या मापानं कापून मिळते. नुसती इन्सुलेशन टेप नको. इंजिनाच्या उष्णतेत तिचा गोंद वितळतो. बसवताना १० नंबरचा एकच बोल्ट आहे, जोर लावून आवळू नका, प्लास्टिकचा कान तुटतो. टोकाच्या चुंबकाला लागलेला लोखंडी चुरा पुसा आणि ओ-रिंग (रबरी कडी) नवीन घाला. त्यानंतर दोन आठवडे भर उन्हात खानापूर फेऱ्या झाल्या, काटा एकदाही पडलेला नाही. उरलेली स्लीव्ह ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीवर चढवली, तीही त्याच मॅनिफोल्डच्या बाजूनं जाते.