एचजी एरियल: मालिकेचा शेवट घाईत, किट मात्र तब्येतीत

बांदाई कंपनीचं १/१४४ मापाचं एचजी (हाय ग्रेड) गंडम एरियल, म्हणजे रोबोचं जोडायचं प्लास्टिक किट, २०२२ मध्ये, ‘द विच फ्रॉम मर्क्युरी’ ही गंडमची जपानी अॅनिमे मालिका सुरू झाली त्या सुमारास आलं. तेव्हा जपानमधली किंमत कर सोडून १,३०० येन होती. आपल्याकडे पोचेपर्यंत ती बरीच फुगते, तरीही पहिल्यांदाच गनप्ला (गंडमचं प्लास्टिक मॉडेल) जोडणाऱ्याला बिनधास्त हेच सुचवावं. फक्त रत्नागिरी-मालवणच्या पट्ट्यात राहत असाल तर जूनमध्ये डबा आला म्हणून जूनमध्येच स्प्रेचा डबा हलवायला घेऊ नका. त्याचं कारण पुढे येईलच. मालिका पाहिली नसेल तर मात्र इथेच थांबलेलं बरं, कारण खाली शेवटासकट सगळं उघड केलं आहे.

आधी जोडणी. पॉलिकॅप, म्हणजे सांध्यातल्या मऊ प्लास्टिकच्या टोप्या, नाहीत, सांधे प्लास्टिकवर प्लास्टिक असेच बसतात. सुरुवातीला पकड छान असते, पण सतत पोझ बदलत राहिलात तर खांदे आणि कंबर सैल पडू शकतात. गोळ्याच्या सांध्यावर पातळ टॉपकोटचा (वरून मारायच्या पारदर्शक लेपाचा) एक हात मारून पूर्ण सुकू दिला की पकड परत येते. सुपरग्लू वापरणारे असतात, पण ते ओलं असताना सांधा बसवला तर तो कायमचा चिकटतो. भाग रनरवरून, म्हणजे ते ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिच्यावरून, एका फटक्यात काढू नका. आधी दोन-तीन मिलिमीटर गेट (भाग चौकटीला जोडणारा दांडा) सोडून कापा, मग निपरची (कापायच्या पकडीची) सपाट बाजू भागाला लावून उरलेला तुकडा काढा. पांढऱ्या भागांवर चूक खपून जाते. निळ्या आणि गडद राखाडी भागांवर मात्र घाईत कापलेला प्रत्येक गेट पांढरा डाग होऊन दिसतो. तिथे ४०० नंबरच्या कागदाने सुरुवात करून ८०० आणि मग १,००० पर्यंत जावं लागतं.

छातीतलं शेल युनिट, म्हणजे चमकती नक्षी असलेला भाग, हा या किटचा मानबिंदू. नक्षी त्या भागातच मुरवून येते, रंगवावी लागत नाही. म्हणूनच त्याच्या तोंडाला सँडपेपर लावायचा नाही. कडेचा गेट काढा आणि तेवढ्यावर सोडा. मॅट टॉपकोट मारायच्या आधीही हा भाग काढून ठेवा, नाहीतर आतली चमक कायमची धुरकट होते.

आता ढाल. एरियलची ढाल म्हणजे एस्कचन, आणि ती ११ बिटची, म्हणजे सुट्या उडत्या तुकड्यांची, बनलेली आहे. हे बिट सुटे होतात, मोबाईल सूटच्या (रोबोच्या) अंगावर चढतात किंवा ढाल होऊन एकत्र बसतात. किटमध्ये हे सगळं खरोखर करता येतं, आणि मालिकेपेक्षा किट सरस ठरतं ते इथेच. पडद्यावर एरियल चालवणारी नायिका सुलेट्टा या बिटना माणसांसारखी हाक मारते आणि आपण ते भोळेपण म्हणून हसण्यावारी नेतो. पुढे कळतं की एरियलमध्ये एरिक्ट समाया ही मुलगी आहे. बुधावरच्या परिस्थितीत तिचं शरीर टिकलं नाही म्हणून आईने, प्रॉस्पेराने, तिची जाणीव यंत्रात उतरवली. बिटमधले आवाजही तिच्याच रक्ताचे. सुलेट्टा स्वतः एरिक्टची प्रतिकृती. हा धक्का मालिका काही मिनिटांत देऊन पुढे सरकते. ११ तुकडे एकेक करून हातात धरून जोडताना, त्यातला एखादा टेबलाखाली घरंगळून गेल्यावर अख्खी ढाल अडून बसते तेव्हा, त्या कुटुंबाची रचना जास्त नीट समजते. बिटच्या खुंट्या बारीक आहेत. बसवताना वाकड्या दाबू नका, सरळ रेषेत ढकला.

मालिकेची मांडणी दोन हंगामांत आहे, मिळून २४ भाग, शिवाय एक प्रस्तावनेचा भाग. एवढ्याशा जागेत शाळेतली द्वंद्वं, कंपन्यांचं राजकारण, पृथ्वी आणि अंतराळ यांच्यातली विषमता आणि एका आईचा सूड असं सगळं बसवायचं होतं. पात्रं घडवण्यात लेखकांचा हात चांगला आहे. ग्युएल जेटर्क बघा. पहिल्या भागात डोक्यात जाणारा माजोरडा पोरगा, मग हरलेला, मग घर सोडून मजुरी करणारा, आणि १२व्या भागात नकळत स्वतःच्या बापाचा जीव घेणारा. त्यानंतर तो जो उभा राहतो तो एकाही भाषणाशिवाय. अख्ख्या मालिकेत इतकी पूर्ण वाटचाल दुसऱ्या कुणालाच मिळालेली नाही, सुलेट्टालाही नाही.

सुलेट्टाचं दुखणं वेगळं. पळण्यापेक्षा पुढे गेल्याने जास्त मिळतं, ही आईची शिकवण ती मंत्रासारखी घोकते, आणि त्याच मंत्राच्या जोरावर १२व्या भागात एरियलच्या पंजाने माणूस चिरडून रक्ताने माखलेला हात तिची वाग्दत्त जोडीदार मिओरिन हिच्यापुढे हसत धरते. पहिल्या हंगामाचा हा शेवट मालिकेतला सगळ्यात धीट क्षण. दुसऱ्या हंगामात मिओरिन, ग्युएल आणि शेवटी खुद्द एरियल तिला दूर सारतात, ते त्याचं उत्तर म्हणून पटतं.

गडबड होते ती शेवटच्या तीन भागांत. प्रॉस्पेराची क्वाएट झीरो योजना, अंतराळ परिषदेचं लेझर, सहाध्यायी शादिकने सगळे आळ स्वतःवर घेणं, कंपन्यांचा बेनेरिट समूह मोडीत काढणं, सगळं एकाच पंगतीत वाढलेलं. सुलेट्टा कॅलिबार्न हे दुसरं गंडम चालवते, डेटा स्टॉर्म, म्हणजे गंडम चालवणाऱ्याच्या शरीराला इजा करणारा माहितीचा लोंढा, थेट अंगावर घेते, गंडम विरून जातात, आणि तीन वर्षांनी आपण तिला काठी घेऊन चालताना पाहतो. एरिक्ट कीचेनमध्ये, दोघींच्या बोटांत अंगठ्या. शरीराची किंमत चुकवून मिळालेलं सुख म्हणून हे चालतं. प्रॉस्पेराचं मात्र पटत नाही. वॅनाडिस या संशोधन संस्थेतल्या हत्याकांडानंतर २१ वर्षं जिने सूड पोसला, ती व्हीलचेअरवर शांत बसलेली दिसते, आणि मिओरिनचा बाप असलेल्या ज्या डेलिंगच्या आदेशाने ते हत्याकांड घडलं त्याच्याशी तिचा हिशेब पडद्याबाहेरच मिटतो. पृथ्वीवरच्या मुलांचा प्रश्न तर दोन-चार वाक्यांत उरकला आहे. आणखी सहा-आठ भाग मिळते तर हा आराखडा पेलला असता.

आता किनाऱ्यावरची हवा. टॉपकोटच्या फवाऱ्यातला द्रावक झपाट्याने उडतो, त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. थर सुकताना पांढुरका होतो तो यामुळे. पांढऱ्या भागांवर हे लगेच लक्षात येत नाही, निळ्यावर आणि राखाडीवर मात्र भस्म फासल्यासारखं दिसतं. आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर असेल तर फवारणी नकोच, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती त्याखाली क्वचितच येते. डिसेंबर ते फेब्रुवारीतली दुपार सगळ्यात चांगली. थर फसलाच तर घासू नका. कोरड्या दिवशी ग्लॉसचा पातळ हात द्या, बहुतेक वेळा धुरकटपणा जातो, मग पुन्हा मॅट. थांबवत नसेल तर पाण्यात विरघळणारं मॅट वार्निश ब्रशने लावा. सुकायला वेळ घेतं, पण धुकं धरत नाही.

पॅनेल लाइनसाठी, म्हणजे भागांवरच्या खाचा उठावदार करायला, पांढऱ्यावर काळा पेन भडक दिसतो, राखाडी घ्या. ओतून लावायचं एनॅमल जोडलेल्या सांध्यात झिरपलं तर ताणाखालचं प्लास्टिक तडकतं, म्हणून ते जोडणीनंतर वापरू नका. डोळ्यांचा फॉइल स्टिकर चिमट्यानेच धरा. बोटाचं तेल लागलं की दमट हवेत कडा उचलल्या जातात. रनर आधी सौम्य साबणाच्या पाण्यात धुवून पंख्याखाली रात्रभर सुकवले तर हा त्रास खूप कमी होतो. निपरच्या पात्याला खाऱ्या हवेत महिन्याभरातसुद्धा गंज धरतो. वापर झाला की शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पुसून सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवा. किट पश्चिमेच्या खिडकीत मांडलंत तर पांढरा रंग उन्हाने पिवळा पडणार, आणि जांभ्याची लाल धूळ बसणार ती वेगळीच. धूळ कापडाने पुसू नका, ओरखडे पडतात. मऊ मेकअप ब्रश पुरतो.

पावसात मागवताना विक्रेत्याला प्लास्टिकचं वेष्टन घालायला सांगा. रनर पिशव्यांत असतात म्हणून ते वाचतात, पण सूचनापुस्तिका आणि स्टिकर भिजले की पंचाईत. डबा टाकण्याआधी रनरची अक्षरं पुस्तिकेशी ताडून पाहा, कारण हरवलेला सुटा भाग इथून मागवणं कटकटीचं आहे.

शेवटाची ओढ असलेल्यांना एचजी कॅलिबार्न हवंसं वाटेल. केरसुणीसारखी लांब रायफल आणि सुलेट्टाचा निर्णय, दोन्ही त्यात आहे. पण पहिलं किट म्हणून एरियलच घ्या. दोन्हींच्या डब्यात स्टँड येत नाही, तो वेगळा मागवा. आणि कॅलिबार्न घेणार असाल तर कपाटाच्या कप्प्याची रुंदी आधी मोजा. त्या रायफलपायी ते आडवं बरीच जागा खातं.