मेडिकल गांजाचं कार्ड काढावं का? अमेरिकन नागरिकाचा हिशेब वेगळा, ग्रीन कार्डवाल्याचा वेगळा

केमोनंतरची मळमळ असो, नाहीतर वर्षानुवर्षांचं पाठीचं दुखणं, अमेरिकेतले डॉक्टर हल्ली सहज सुचवतात की मेडिकल मारिजुआनाचं कार्ड, म्हणजे औषध म्हणून गांजा घ्यायचा राज्याचा परवाना, काढून बघा. राज्याचा कायदा त्यांच्या बाजूने असतो. कॅलिफोर्नियाने 1996 मध्ये सार्वमताने हे दार उघडलं, न्यू जर्सीने 2010 मध्ये कायदा केला. आपली बरीच मंडळी याच दोन राज्यांत राहतात. फेडरल कायद्याने मात्र 1970 मध्येच गांजाला हेरॉइनच्या पंगतीला, पहिल्या म्हणजे सर्वांत कडक बंदीच्या अनुसूचीत, नेऊन बसवलं. त्यामुळे कार्डाचा निर्णय घेताना दुखणं काय आहे एवढं पाहून भागत नाही. तुमच्याकडे अमेरिकन पासपोर्ट आहे, ग्रीन कार्ड आहे की एच-1बी व्हिसा, हे आधी बघावं लागतं.

राज्य आणि फेडरल सरकार भांडले तर कोणाचं चालतं, याचा निकाल लागून बरीच वर्षं झाली. ऑगस्ट 2002 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिल इथे डायन मॉन्सन या पाठदुखीच्या रुग्णाच्या घरी पोलीस आले. गांजाची सहा झाडं होती. काउंटीच्या पोलिसांनी पाहिलं आणि सांगितलं की राज्याच्या कायद्याने हे चालतं. सोबतच्या फेडरल एजंटांना ते मान्य नव्हतं. तीन तास वादावादी झाली आणि शेवटी एजंटांनी सहाच्या सहा झाडं नष्ट केली. मॉन्सन आणि एंजेल राइच या दुसऱ्या रुग्ण बाई कोर्टात गेल्या. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी फेडरल सरकारच्या बाजूने कौल दिला: घरच्या वापरापुरता, राज्याबाहेर न जाणारा गांजासुद्धा काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, अधिकारकक्षेत येतो.

मग आज रुग्णांच्या घरांवर धाडी का पडत नाहीत? डिसेंबर 2014 पासून काँग्रेस खर्चाच्या विधेयकात एक अट घालत आली आहे, ती रोहराबाकर-फार दुरुस्ती. राज्यांच्या मेडिकल गांजा कायद्यांच्या आड येण्यासाठी न्याय खात्याने पैसा खर्च करायचा नाही, एवढंच ती म्हणते. नवव्या सर्किट कोर्टाने (कॅलिफोर्नियासह पश्चिमेकडच्या राज्यांचं फेडरल अपील कोर्ट) 2016 मध्ये तिचा अर्थ लावला की राज्याचे नियम काटेकोर पाळणाऱ्यावर या पैशातून खटला चालवता येणार नाही. त्याच निकालात कोर्टाने बजावलंय की गुन्हा गुन्हाच राहतो, उद्या काँग्रेसने निधी मोकळा केला तर आजच्या कृत्यावरही खटला होऊ शकतो. ही अट दरवर्षीच्या बजेटबरोबर नव्याने मंजूर करून घ्यावी लागते. भाड्याच्या घराच्या करारासारखंच आहे हे. राहायला मिळतं, मालकी मिळत नाही.

नागरिक असाल तर हा करार बऱ्यापैकी पुरतो. खटल्याची भीती नावापुरती. तोटे आहेत ते वेगळ्या जातीचे. इन्शुरन्स पैसे देत नाही, फेडरल टॅक्समध्ये वैद्यकीय खर्च म्हणून वजावट मिळत नाही, बंदूक घेताना फॉर्मवरचा गांजा घेता का हा प्रश्न आडवा येतो, फेडरल अनुदानाचं घर असेल तर तेही अडचणीत येऊ शकतं. नोकरीचं राज्यागणिक वेगळं. कोलोरॅडोत कार्ड असलेल्या, व्हीलचेअरवरच्या ब्रँडन कोट्स यांची नोकरी ड्रग टेस्टवरून गेली आणि 2015 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचंच खरं धरलं. न्यू जर्सीत 2019 च्या कायद्याने केवळ कार्ड आहे म्हणून काढता येत नाही. मात्र फेडरल नोकरी किंवा ट्रक चालवायचं लायसन्स असेल तर ते संरक्षण विसरा.

ग्रीन कार्ड किंवा व्हिसावर असाल तर माझं मत स्पष्ट आहे: कार्ड काढू नका. वरची रोहराबाकर-फारची अट न्याय खात्याचे हात बांधते. नागरिकत्वाचे अर्ज तपासणारं यूएससीआयएस आणि विमानतळावर शिक्का मारणारा अधिकारी होमलँड सिक्युरिटीचे, त्यांना ती लागूच नाही. यूएससीआयएसने एप्रिल 2019 मध्ये लेखी सांगून टाकलं की राज्यात कायदेशीर असला तरी गांजाशी संबंध आला तर नागरिकत्वासाठी लागणारं 'चांगलं नैतिक चारित्र्य' नाकारलं जाऊ शकतं. डिस्पेन्सरीतली (गांजाच्या परवानाधारक दुकानातली) नोकरीसुद्धा त्यात आली, म्हणजे तिथे हिशेब लिहिणाराही सुटला नाही.

ग्रीन कार्डाच्या आय-485 अर्जात विचारतात की राज्याच्या, अमेरिकेच्या किंवा परदेशाच्या अमली पदार्थविषयक कायद्याचा कधी भंग केलाय का. राज्याचं कार्ड त्या प्रश्नाच्या एका तुकड्याला उत्तर देतं, बाकीच्या दोघांना नाही. शिवाय शिक्षा व्हायलाच हवी असंही नाही. गुन्ह्याचे घटक तोंडी कबूल केले तरी प्रवेश नाकारायला पुरतं. दिवाळीला भारतात जाऊन परतताना काउंटरवर कोणी सहज विचारलं आणि आपण प्रामाणिकपणे 'हो, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून' म्हटलं, तर ते 'हो'च महागात पडतं. एकदाच, 30 ग्रॅमपर्यंत, स्वतःसाठी बाळगल्याच्या शिक्षेला हद्दपारीतून सूट आहे. पण ती सूट पुन्हा आत येताना तशीच कामाला येत नाही.

मग दुखण्याचं काय? इथे तुलना खरी उपयोगाची आहे. डॉक्टर डिस्पेन्सरीच्या गांजाची फक्त शिफारस करतात, प्रिस्क्रिप्शन लिहून देत नाहीत. फेडरल कायद्यात तसं लिहिताच येत नाही. याउलट ड्रोनाबिनॉल हे टीएचसीचंच (गांजातला नशा आणणारा घटक), कृत्रिमरीत्या बनवलेलं औषध एफडीए या औषधांना मंजुरी देणाऱ्या फेडरल संस्थेने 1985 मध्ये केमोच्या मळमळीसाठी मंजूर केलंय. ते नेहमीच्या फार्मसीत प्रिस्क्रिप्शनवर मिळतं आणि दोन्ही कायद्यांत बसतं. मुलांच्या काही दुर्धर अपस्मारांसाठी 2018 पासून एपिडायोलेक्स हे सीबीडीचं (गांजातला नशा न आणणारा घटक) औषध आहे. पर्याय मोजकेच, सगळ्यांना लागू पडतील असे नाहीत. पण व्हिसावरच्या माणसाने डॉक्टरांशी बोलणं इथूनच सुरू करावं. दुकानात मिळणाऱ्या हेम्पच्या (अगदी कमी टीएचसी असलेल्या गांजाच्या झाडाच्या) सीबीडीवर मी तरी भिस्त ठेवणार नाही. 2018 च्या फार्म बिलाने त्याला वाट दिली, नोव्हेंबर 2025 मध्ये काँग्रेसने ती आवळली.

'आता गांजा तिसऱ्या, कमी कडक अनुसूचीत जाणार' असं ऐकून थांबला असाल, तर 2024 मध्ये न्याय खात्याने तसा प्रस्ताव मांडला होता आणि डिसेंबर 2025 मध्ये ट्रम्प यांनी तो लवकर मार्गी लावायचा आदेश काढला. पण तिसऱ्या अनुसूचीतलं औषधही नियंत्रितच असतं. नुसतं राज्याचं कार्ड दाखवून घेतलेल्या गांजाला त्याने प्रिस्क्रिप्शनचा दर्जा मिळत नाही.

कार्ड आधीच काढलं असेल, तर परदेशी जाण्यापूर्वी आणि कुठलाही फॉर्म भरण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाला गाठा. गांजाच्या गमीज (चघळायच्या गोळ्या) बॅगेत टाकून भारतात नेऊ नका, तिथे अमली पदार्थांविरुद्धचा 1985 चा एनडीपीएस कायदा आहे. आणि फॉर्मवर 'नाही' ठोकून मोकळं व्हायचा मोह टाळा, कारण खोट्या माहितीवरून लाभ मिळवायचा प्रयत्न केला तर बंदी जन्मभराची असते.