पेडल सायकल आणि ६०,००० ची पुडी: किडनीच्या पेशंटनं काय घ्यावं?

खुर्चीतून उठताना मांडीवर हात टेकवावे लागतात, स्टेशनच्या पुलाचा जिना अर्ध्यावर थांबून चढावा लागतो. क्रॉनिक किडनी डिसीजमध्ये स्नायू झडतात आणि डी जीवनसत्त्व कमी असलं तरी नेमक्या मांड्याच दुबळ्या होतात. म्हणून घरचे हमखास दोन वस्तू आणतात: बसल्या जागी पायानं फिरवायची पेडल सायकल आणि डी थ्रीची ६०,००० युनिटांची पुडी. सायकल खुशाल घ्या. पुडीचं मात्र रिपोर्ट हातात आल्यावर बघा.

मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला किंवा परळच्या सर्जिकल दुकानांत साधी लोखंडी सायकल साधारण हजार ते अडीच हजारांत मिळते. मधला नॉब आवळला की पेडल जड होतं, आणि इथेच तिची पहिली खोड आहे: नॉब आवळून दहा मिनिटं चालवली की तिथला धातू तापतो, लगेच हात लावला तर चटका बसतो. दुसरी खोड म्हणजे गुळगुळीत टाइल्सवर ती पुढे सरकते. पुढची बाजू भिंतीला टेकवायची, खाली जुनी योगा मॅट घालायची. बसायला जेवणाच्या टेबलाची सरळ खुर्ची हवी. चाकांची नको आणि सोफा तर नकोच. पेडल सगळ्यात लांब गेलं तरी गुडघा किंचित वाकलेला राहील इतकं अंतर ठेवा. पेडलला पट्टा असलेलीच घ्या, कारण मधुमेहानं बधिर झालेलं पाऊल कधी सटकलं ते कळत नाही. अशांनी बूट घालूनच चालवावी. समुद्राजवळच्या घरांत पावसाळ्यात नटबोल्ट गंजतात, तेव्हा मशीन ऑइलचे दोन थेंब सोडा. मीटरवरचा वेळ बघा, कॅलरीच्या आकड्याकडे लक्ष देऊ नका.

पहिला आठवडा नॉब सैल ठेवून पाच-पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. मग दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवा. पूर्ण वाक्य बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतपतच दम लागला पाहिजे. किडनीच्या आजारांसाठी मार्गदर्शन करणाऱ्या ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे, तोही हृदयाला आणि शरीराला झेपेल त्या बेतानं. छातीत दुखत असेल, सूज किंवा धाप वाढली असेल, बीपी १८० च्या वर असेल किंवा डायलिसिस चुकलं असेल, तर सायकल बंद. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी शुगर तपासावी: किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ राहतं आणि व्यायामानंतर शुगर झपकन खाली येते. डायलिसिस चालू असताना पेडल मारायचं तर डायलिसिस युनिटची परवानगी घेऊन, पहिल्या दोन तासांतच. नंतर पाणी निघून गेल्यानं बीपी पडतो. फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायचा हात तेव्हा हलवायचा नाही.

पाय दुखले म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, ती किडनीवरच घाव घालतात. तपासणीसाठी रक्त द्यायच्या आदल्या दिवशी जोरात व्यायाम केला तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम जोखायचा आकडा, उगाच वर दिसतं. आणि सायकलनं हाडांवर भार पडत नाही, ही तिची उणीव. ती भरून काढायला खुर्चीतून हाताचा आधार न घेता पाच ते दहा वेळा उठा-बसा.

आता पुडी. तिच्यावरचं ‘कोलेकॅल्सिफेरॉल (डी थ्री) ६०,००० आययू’ म्हणजे अवघा दीड मिलिग्रॅम पदार्थ, बाकी बरंचसं साखर आणि चव. हा कच्चा माल असतो. लिव्हर त्याला एक पायरी पुढे नेतं आणि शेवटचं, काम करणारं रूप मुख्यतः किडनी बनवते. किडनीच अधू असेल तर पुडीनं रिपोर्टमधला डीचा आकडा सुधारतो, तरी पीटीएच (हाडांतलं कॅल्शियम ओढून घेणारं पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन) चढलेलं राहू शकतं. तयार रूपाची कॅल्सिट्रिऑलची ०.२५ मायक्रोग्रॅमची कॅप्सूल असते, पण ती कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही वाढवते, त्यामुळे ती नेफ्रोलॉजिस्टच (किडनीचे डॉक्टर) ठरवणार. पुडीआधी डी, कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच या चारही तपासण्या हव्यात. सहा लाख युनिटांचं इंजेक्शन ‘एकदाच, सुटका’ म्हणून घ्यायची पद्धत सर्वांत वाईट: दिलेलं परत काढता येत नाही. बद्धकोष्ठ, मळमळ, सारखी तहान, गोंधळल्यासारखं होणं ही कॅल्शियम वाढल्याची लक्षणं आहेत.

‘पुडी दुधातून घ्या’ हा सल्लाही इथे तपासून घ्यावा लागतो. २०० मिली दुधात साधारण २०० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, शिवाय डायलिसिसवाल्यांना पाण्याचाही हिशोब असतो. जेवणानंतर, पोटात थोडं तेल-तूप गेलेलं असताना पुडी दोन घोट पाण्यात ढवळून घेतली तरी चालते. उन्हाचं म्हणाल तर मरीन ड्राइव्हची पहाटेची फेरी पायांसाठी उत्तम, डीसाठी जवळजवळ निरुपयोगी: त्वचेत डी बनवणारे किरण सावली स्वतःपेक्षा आखूड पडते तेव्हाच्या उन्हात मिळतात आणि बाल्कनीच्या बंद काचेतून आत येत नाहीत.

सगळ्यात मोठी चूक घरात होते: आठवड्यातून एकदा घ्यायची पुडी रोजची समजून घेतली जाते. आणल्या आणल्या प्रत्येक पुडीवर पेननं तारीख आणि वार लिहून ठेवा.