कापडी ग्रो बॅग: कोकणातला एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्यावर

घर मालवणला, समुद्राजवळ. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर मोगरा, अबोली, कढीपत्ता आणि सोनचाफ्याचं कलम प्लास्टिकच्या कुंड्यांतून जाड जिओफॅब्रिकच्या (पाणी आणि हवा आरपार जाऊ देणाऱ्या कृत्रिम कापडाच्या) बॅगांत हलवलं. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कुंडीची भोकं लाल मातीने बुजली की मुळं पाण्यातच राहतात आणि मोगरा दर श्रावणात पिवळा पडतो. या खेपेला पडला नाही. पाणी बॅगेच्या चहूबाजूंनी पाझरतं. झड लागली तरी माती ओली राहिली, चिखल झाला नाही.

पण सगळं श्रेय बॅगेचं नाही. जांभ्याची नुसती माती कुंडीत घट्ट बसते, म्हणून दोन घमेली मातीला एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं भाताचं तूस आणि थोडंसं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातलं. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुवाच, त्यात खार असतो. तळाशी खडी मात्र घालू नका. बारीक मातीतलं पाणी भरड खडीत सहज उतरत नाही, वरच अडतं आणि चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरी ठेवायची ती माती वाहू नये म्हणून, तेवढीच पुरे. बॅगेत तिचीही गरज नाही.

जानेवारीत छाटणी करून मोगरा मोठ्या बॅगेत घेतला. मुळं कापडात घुसलेली असतात, त्यामुळे ओढाओढ न करता शिवणीवर ब्लेड चालवलं. प्लास्टिकमध्ये मुळं कडेने गोल गोल वेटोळी घालतात. इथे कापडाशी पोचलेली टोकं हवेने वाळून थांबली होती आणि मागे बारीक पांढऱ्या मुळांचं दाट जाळं धरलं होतं. मला ही बॅग आवडली ती यासाठी.

उन्हाळ्यात कष्ट आहेत. एप्रिल-मेमध्ये वारा बॅग चारी बाजूंनी सुकवतो, सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावंच लागतं. वर नारळाची सोडणं पसरली की जरा ओल टिकते. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर कापडावर पांढरा थर धरतो. अधूनमधून भरपूर पाणी ओतून खार खाली धुऊन काढा. दोन-चार दिवस गावाला जाणाऱ्यांनी अबोलीसारखी नाजूक झाडं मातीच्या कुंडीतच ठेवावीत.

बॅगा चिऱ्यांवर ठेवा, नाहीतर मुळं खळ्याच्या मातीत उतरतात. पागोळीखालीही नको, वरची माती उडून जाते. घेताना कान, म्हणजे बॅग उचलायच्या पट्ट्या, बघा: वरच्या कडेला नुसते टाचलेले कान ओल्या मातीच्या वजनाने उसवतात, तळाखालून पट्टा गेलेली बॅगच घ्या.