आधुनिक शैलीत सुरावट रचण्याची सरावपुस्तिका: सात महिन्यांच्या वापरानंतर

संगीतशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विसाव्या शतकातील शैलींमध्ये सुरावट रचायला शिकवणारी एक सरावपुस्तिका मी सात महिने नियमितपणे वापरत आहे. नियम तंतोतंत पाळूनही गाण्याजोगे काही हाती लागत नाही, ही माझी जुनी अडचण तिने निम्मी सोडवली.

सर्वांत उपयोगी ठरला तो पूर्णस्वरी श्रेणीचा भाग. या श्रेणीत सहाच स्वर असतात आणि अर्धस्वर, म्हणजे लगतच्या दोन स्वरांमधले सर्वांत लहान अंतर, एकही नसतो; त्यामुळे आधारस्वराकडे ओढणारा स्वरच उरत नाही आणि सुरावट कुठेही थांबवली तरी ती अर्धवट वाटते. माझे पहिले पंधरा-वीस प्रयत्न असेच लोंबकळत राहिले. फ्रेंच संगीतकार देबुसीच्या १९१० साली प्रकाशित झालेल्या ‘व्वाल’ या पियानोरचनेत खर्जातला बी फ्लॅट हा एकच स्वर जवळजवळ शेवटपर्यंत धरून ठेवलेला आहे, हे पुस्तिकेने दाखवले, तेव्हा सुरावटीचे घर, म्हणजे आधारस्वर, श्रेणीत नसले तरी ते आग्रहाने बांधता येते, हे उमगले.

बारा स्वरांच्या पद्धतीचा, म्हणजे बाराही स्वर प्रत्येकी एकदाच येतील अशा ठरावीक क्रमावर (‘ओळ’) रचना करण्याच्या पद्धतीचा, भाग मात्र फसवा आहे. मूळ ओळ, तिचे उलट वाचन, प्रतिबिंब (चढाच्या जागी तेवढाच उतार) आणि प्रतिबिंबाचे उलट वाचन यांची बारा-बारा स्थानांतरे धरून ४८ रूपांचा तक्ता भरला की काम झाल्यासारखे वाटते, पण ओळ म्हणजे सुरावट नव्हे. ऑस्ट्रियन संगीतकार वेबर्नच्या ओपस २४ (चोविसाव्या क्रमांकाची रचना) मधील ओळीच्या चारही त्रिस्वरी गटांत अर्धस्वर आणि मेजर थर्ड (चार अर्धस्वरांचे अंतर) ही तीच अंतरे आहेत. असा गाभा ओळीतच पेरला तर कानाला धागा सापडतो. हे मी तक्ते भरण्यात दोन महिने घालवल्यावर शिकलो, कारण पुस्तिका हा मुद्दा शेवटच्या पानावर सांगते.

लयीकडे मात्र तिने अक्षम्य दुर्लक्ष केले आहे. हंगेरियन संगीतकार बार्टोकच्या बल्गेरियन लयीतील ४+२+३ सारख्या विषम मात्रागटांना जेमतेम दोन पाने मिळाली आहेत, आणि माझ्या बहुतेक फसलेल्या सुरावटी स्वर न बदलता, केवळ मात्रांची वाटणी बदलून सुधारल्या.

उत्तरे दिलेली नाहीत, याची तक्रार नाही. नोटेशन सॉफ्टवेअरवर ऐकण्याआधी प्रत्येक ओळ गाऊन पाहा, ही तिची अट सुरुवातीला जाचक वाटली. मेजर सेव्हन्थच्या (अकरा अर्धस्वरांच्या) दोन उड्या सलग गाताना माझा आवाज अजूनही घसरतो, आणि तशा ओळी मी आता मुकाट्याने खोडतो.