व्हर्बिना कुळाचा फुलपाखरू संच: रोपे दमदार, लेबले जुनी

उरुळी कांचनच्या आसपास पुणे-सोलापूर रस्त्याला नर्सऱ्यांची रांगच लागते. त्यातल्याच एका नर्सरीचा सात रोपांचा ‘व्हर्बिना कुळ, फुलपाखरू संच’ ९५० रुपयांना घरपोच मिळतो. नीलमणी वेल (पेट्रिया), सोनेरी ड्युरांटा, स्टॅचिटार्फेटा, लोंबता जांभळा लँटाना, हंगामी व्हर्बिना, निर्गुडी आणि लाल-पांढऱ्या फुलांची क्लेरोडेंड्रम वेल अशी ही सात. मुळाचा गोळा फुटू नये म्हणून पिशवीचे तोंड नीट बांधलेले, कोकोपीट ओलसर पण चिखल नाही. पॅकिंगबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती लेबलांबद्दल. सातही रोपांवर ‘कुळ: व्हर्बिनेसी’ असा एकच शिक्का. निर्गुडी आणि क्लेरोडेंड्रम या कुळात आता नाहीत. दोन्ही लॅमिएसीत, म्हणजे तुळशीच्या कुळात गेली आहेत. कँटिनो, हार्ली आणि वॅगस्टाफ यांनी १९९२ मध्ये ही फेरमांडणी केली आणि पुढे डीएनएच्या अभ्यासानेही तिला दुजोरा दिला. त्यात व्हर्बिनेसीतल्या दोन तृतीयांशाच्या आसपास प्रजाती (जवळच्या जातींचे गट) बाहेर पडल्या. साग आणि शिवण तुळशीकडे गेले, खाडीतली तिवरे अडुळशाच्या कुळात गेली. जुनी पुस्तके चाळून लेबल छापले की सागही व्हर्बिनेसीतच सापडणार, त्यामुळे नर्सरीवाल्याला फार दोष देता येत नाही. पण संच विकायचा कुळाच्या नावाने, तर एवढे पाहायला हवे होते.

सोबतच्या पत्रकात ओळखीची खूण दिली आहे: ‘चौकोनी खोड, समोरासमोर पाने’. ही खूण दोन्ही कुळांत सापडते, म्हणून कुचकामी. पूर्वी पाहत ते बीजांडकोशावरची (फुलाच्या ज्या भागाचे पुढे फळ होते त्यावरची) कुक्षीवृंताची, म्हणजे स्त्रीकेसराच्या दांडीची जागा. वृंत टोकावरून निघाला तर व्हर्बिनेसी, चार खंडांच्या मधून, तळातून निघाला तर लॅमिएसी. साग, निर्गुडी, क्लेरोडेंड्रम यांचा वृंत वरून निघतो, म्हणून ती इतकी वर्षे व्हर्बिनेसीत राहिली. आता मुख्य भर फुलोऱ्यावर असतो, आणि तो कुंडीपाशी उभे राहून पाहता येतो. खऱ्या व्हर्बिनेसीत फुलोरा अकुंठित: खालचे किंवा कडेचे फूल आधी उमलते, शेंडा वाढत राहतो. लँटानाचा गुच्छ वरून पाहा, कडेची फुले उघडलेली आणि मधोमध मिटलेल्या कळ्यांची चकती दिसेल. क्लेरोडेंड्रमच्या गुच्छात तीन-तीन कळ्यांचे छोटे घोस असतात आणि प्रत्येकात मधली कळी आधी फुटते. तो कुंठित फुलोरा. निर्गुडीचा तुरा लांबून एकसलग मंजिरी वाटतो, पण त्याच्या बारीक फाट्यांवरही हाच क्रम आहे.

छाटणीलाही हे उपयोगी पडते. स्टॅचिटार्फेटाची हिरवी दोरीसारखी काडी खालून वर उमलत जाते, रोज दोन-चारच निळी फुले, प्रत्येक फूल एका दिवसाचे. खालचा भाग वाळलेला दिसला म्हणून काडी कापली तर वरच्या सगळ्या कळ्या जातात. शेंड्यापर्यंत फुले येऊन गेल्यावरच कापावी, मात्र बी गळण्याआधी, कारण हे झाड स्वतःच्या बियांनी वाफा व्यापते. क्लेरोडेंड्रमचे उलट. लाल फूल गळाले तरी पांढरा निदलपुंज (फुलाचे बाहेरचे आवरण) गुलाबट होत टिकून राहतो, पण त्या घोसातून पुढे काही येणार नसते. फुले संपली की घोस देठासकट काढून वेल चांगली आखूड करावी. नवा बहर नव्या फुटीवर येतो.

संचातले सर्वांत मोलाचे रोप नीलमणी वेल. पान हाताला सँडपेपरसारखे खरखरीत लागले पाहिजे. गुळगुळीत असेल तर रोप परत करा. फोटोत दिसणारी निळी चांदणी म्हणजे निदलपुंज. खरे फूल त्याच्या मध्यावरचे गडद जांभळे, एक-दोन दिवसांत गळते. चांदणी मात्र पुढे बरेच दिवस फिकट होत राहते. संचात येते ते फाटे कलम (फांदीचा तुकडा रुजवून केलेले), त्याला बहर यायला वेळ लागतो. गुटी कलम (फांदी झाडावरच असताना तिला मुळे फोडून केलेले) मिळाले तर तेच घ्यावे. दिवसभर ऊन, भक्कम मांडव आणि निदान १८ इंची कुंडी हवी. छाटणी बहर ओसरल्यावर लगेच. पावसाळ्यानंतर कात्री लावली तर वसंतातला बहर हातचा जातो.

सोनेरी ड्युरांटा फुलपाखरांच्या संचात का घातला, कळत नाही. कुंपणाला लावून तो सतत छाटतात आणि छाटला की फुले येत नाहीत. मोकळा वाढू दिला तर पान कमी सोनेरी, पण निळे घोस येतात. त्याची पिवळी फळे विषारी. लहान मुले असतील तर घोस वाळताच काढा. लोंबता लँटाना मात्र योग्य निवड. रानात माजलेल्या घाणेरीपेक्षा याचे खोड बारीक असते आणि फळे फारशी धरत नाहीत. आलेल्या रोपाच्या खोडावर काटे दिसले तर ती घाणेरीच समजा आणि जनावरे चरतात तिथे लावू नका. पाला खाल्ला तर यकृताला इजा होते.

हंगामी व्हर्बिना वर्षभर पाठवणे ही संचाची सर्वांत मोठी चूक. आपल्याकडे हे थंडीचे पीक. जून-जुलैत आलेले रोप गळ्याशी, म्हणजे खोड मातीला टेकते तिथे कुजते, जगले तर पानांवर भुरी (पांढरी बुरशी) धरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मागवा, १० इंची कुंडीत दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग जाड वाळू भरा, शेंडा एकदा खुडा, पाणी सकाळी आणि बुडाशीच. एप्रिलच्या उन्हात लाल कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) पडला की औषधे मारत बसू नका, उपटून टाका. (बागेतल्या या संकराला हल्ली बरेच तज्ज्ञ ग्लँड्युलॅरिया प्रजातीत घालतात, तिची मूळ गुणसूत्रसंख्या ५, व्हर्बिनाची ७. लेबलावर याची अपेक्षा कोणी ठेवणार नाही.)

जादा पैसे भरून लेमन व्हर्बिनाही मिळते. घेताना एका पेरावर बहुधा तीन पाने आहेत ना, ते पाहा.

निर्गुडी कुंडीत कोंडू नका, बांधावर किंवा कुंपणाला द्या. ड्युरांटाच्या जागी नर्सरीने जलपिंपळी द्यायला हवी होती. ओढ्याकाठी, ओलसर जागी पसरणारी, आपल्या मातीतली आणि अस्सल व्हर्बिनेसी. या कुळातली बाकीची बहुतेक झाडे अमेरिकेतून आलेली. संच सुटा करून मिळत असेल तर नीलमणी, स्टॅचिटार्फेटा आणि लोंबता लँटाना ही तीनच घ्या.