वीट की दगड? अहमदाबाद आणि बंगळूरच्या आयआयएम वास्तूंची तुलना

ज्या शिक्षणसंस्थेच्या बांधकाम समितीपुढे नव्या इमारतीचा आराखडा आहे, तिने अंतिम निर्णयापूर्वी अहमदाबाद आणि बंगळूर येथील भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या वास्तू समोरासमोर ठेवून पाहाव्यात, असे मला मनापासून वाटते. दोन्हीकडे गरजा सारख्याच आहेत आणि दोन्ही कामांत पुण्यात जन्मलेले वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांचा हात आहे. अहमदाबादच्या कामासाठी १९६२ साली अमेरिकी वास्तुरचनाकार लुई कान यांना आणण्यात दोशींचा पुढाकार होता. बंगळूरची रचना १९७७ पासून त्यांनी स्वतः केली.

अहमदाबादची वास्तू बिनगिलाव्याच्या विटांची आहे. जाड भिंती, त्यांतली प्रचंड वर्तुळाकार भोके आणि त्यांच्या आत मागे सरकलेल्या खोल्या यांमुळे चाळीस अंशांच्या वरच्या उन्हाळ्यातही ऊन थेट खोलीच्या खिडकीवर येत नाही. जवळ जाऊन एखादी कमान पाहिली, तर विटांची पसरट कमान दोन्ही टोकांना बाहेर रेटा देते आणि तिच्या पायाशी आडवी बसवलेली काँक्रीटची तुळई तो रेटा धरून ठेवते, हे साध्या डोळ्यांनाही कळते. भार कुठून कुठे जातो हे इतक्या प्रामाणिकपणे दाखवणारी भिंत मला दुसरीकडे क्वचितच दिसली आहे.

मात्र याच भिंतीने संस्थेला सर्वाधिक त्रास दिला. उघड्या विटेत पाणी मुरते, आतल्या लोखंडी सळ्या गंजून फुगतात आणि वीट फुटते. त्यात २००१ च्या भूकंपाची भर पडली. डिसेंबर २०२० मध्ये अठरांपैकी चौदा वसतिगृहे पाडण्याचा विचार संस्थेने जाहीर केला, तेव्हा जगभरातून विरोध झाला आणि काही दिवसांतच तो विचार मागे घेतला गेला. २०२२ मध्ये पुनर्बांधणीचा विषय पुन्हा पुढे आला. दुसऱ्या बाजूला, त्याच आवारातल्या विक्रम साराभाई ग्रंथालयाची दुरुस्ती वास्तुरचनाकार ब्रिंदा सोमाया यांच्या संस्थेने इतकी नेटकी केली की २०१९ मध्ये तिला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. म्हणजे ही वास्तू टिकवता येते, पण त्यासाठी जाणकार माणसे आणि सतत पैसा लागतो.

बंगळूरमध्ये भिंती करड्या ग्रॅनाइटच्या खडबडीत दगडांच्या आहेत. त्यांना गिलावा नाही की रंग नाही, त्यामुळे दर काही वर्षांनी रंगकामाची निविदा काढण्याचा प्रश्न तिथे उद्भवत नाही. पण या रचनेचा खरा जीव भिंतीत नसून वाटांमध्ये आहे. फतेहपूर सिक्रीच्या चौकांवरून सुचलेल्या या लांब मार्गिका कुठे पूर्ण झाकलेल्या, कुठे अर्धवट, तर कुठे वर फक्त काँक्रीटच्या पट्ट्या आणि त्यांवर चढलेल्या वेली अशा आहेत. मध्येच त्या रुंद होतात आणि तिथे मुले बसून बोलत राहतात. वर्गाबाहेरचे शिक्षण अशा जागीच होते, आणि आपल्याकडे खर्च कमी करताना पहिली कात्री नेमकी मार्गिकेच्या रुंदीलाच लागते, याचे मला वाईट वाटते.

वाढीच्या बाबतीतही बंगळूरची पद्धत सोयीची आहे, कारण मार्गिका पुढे नेऊन नवा चौक जोडता येतो. अहमदाबादची घट्ट भूमिती अशी सहज लांबवता येत नाही. तिथे नवे आवार रस्त्यापलीकडे उभारून भुयारी मार्गाने जोडावे लागले.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर विदर्भ-मराठवाड्यातील संस्थेने अहमदाबादची खोल सावली जरूर घ्यावी, मात्र भिंतीत सळ्या गाडू नयेत. पुणे, सातारा, नाशिक या पट्ट्यात काळा पाषाण जवळच मिळतो, त्यामुळे दगडी भिंत आणि चौकांची रचना मला निःसंशय अधिक योग्य वाटते, जरी घडाईची मजुरी सुरुवातीला जड वाटली तरी. कोकणात मात्र बंगळूरच्या उघड्या मार्गिका जशाच्या तशा उचलू नयेत. तिरप्या पावसात त्या चार महिने निरुपयोगी ठरतील, म्हणून तिथे उतरते छप्पर आणि खोल पडवी हवीच.

दर्शनी चित्रावर मोहून आराखडा मंजूर करण्याऐवजी समितीने वास्तुरचनाकाराकडून भिंतीचा उभा छेद, म्हणजे भिंत वरून खाली कापल्यासारखी दाखवणारे रेखाचित्र, मागून घ्यावा आणि छतावर पडलेले पाणी भिंतीला न लागता जमिनीपर्यंत कसे उतरते, ते त्यावर बोट ठेवून समजून घ्यावे.